इसार देण्याआधी

मे महिना, सकाळचे साडेनऊ. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ सुरू झाले आहेत. एका दारातून लोखंड कातल्याचा किरकिराट येतो, शेजारच्या दारातून घणाचे ठोके. गटाराच्या कडेला लोखंडाचा कीस साचला आहे. वर्षानुवर्षं तेल सांडून जमीन काळी पडली आहे, चप्पल चिकटते.

गॅरेज गल्लीच्या टोकाला. पत्र्याची शेड, पुढं मोकळी जागा, मधोमध रॅम्प. भिंतीवर पाने मापाच्या उतरत्या क्रमानं टांगलेले. खाली गोटीपान्यांचा डबा, त्यावर मळकं फडकं. कोनाड्यात गणपती, त्याच्यापुढं उदबत्ती. तिचा वास ऑइलच्या वासात मिसळून गेला आहे.

शेडपुढं चार गाड्या उभ्या. एकीचं इंजिन खाली उतरवलंय, ती दुरुस्तीची. उरलेल्या तिन्ही दाखवायला आणलेल्या. कुणी विकतंय, कुणी घेतंय आणि मधे मिस्त्रीचा शब्द हवा आहे. टोकन नाही, वही नाही. आधी आला त्याची आधी. जो तो आपापल्या गाडीजवळ सावली शोधत उभा आहे.

रांगेत पहिली पांढरी हॅचबॅक. एमएच १२, म्हणजे पुण्याची. धुऊन पुसून आणली आहे. टायरांना काळं पॉलिश, डॅशबोर्डवर चकाकी. दार उघडलं की सेंटचा भपकारा येतो. तिच्याजवळ इस्त्रीच्या शर्टातला एजंट, हातात दोन फोन. घेणारे गारगोटीहून पहाटेच्या गाडीनं आले आहेत. हायस्कूलचे एक मास्तर, त्यांची बायको आणि मास्तरांचे वडील. वडिलांची टोपी पांढरीशुभ्र. ते एका जुन्या टायरवर बसले आहेत. बाईंच्या हातात प्लास्टिकची फाइल आहे. घरातली ही पहिलीच चारचाकी. पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालंय, उरलेले पैसे उसाच्या बिलाचे.

मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. वय साठीच्या पुढं, चष्मा दोरीनं गळ्यात. हात पुसत ते येतात. गाडीकडं न बघता आधी बॉनेटवर तळहात ठेवतात.

“कुठनं आणली?”

“शिरोलीसनं,” एजंट सांगतो.

“गरम हाय. गार हू दे. मग चालू करू.”

“मामा, एका सेल्फला चालू हुतीय. बघा की.”

“गरम गाडी कुणाचीबी एका सेल्फला चालू हुती.”

झालं, तासभर तरी थांबायचं. गार इंजिन चालू करतानाच धूर दिसतो, टॅपेटचा आवाज कळतो, बॅटरीचा दम कळतो. गरम केलेली गाडी हे सगळं पोटात ठेवते. मास्तर घड्याळाकडं बघतात. वडील म्हणतात, “थांबूया की. आलोय कशाला?”

थांबण्यातला वेळ वाया जात नाही. मामा गाडीच्या मागच्या कोपऱ्यात वाकतात. एक डोळा मिटून पत्र्याच्या रेषेवरून पुढं नजर टाकतात. ऊन तिरपं आहे. पांढऱ्या रंगावर उन्हाची रेघ सरळ धावते आणि उजव्या मागच्या दारापाशी जरा थरथरते. मला आधी दिसत नाही. मामा खांद्याला धरून मला त्यांच्या जागी वाकवतात, तेव्हा दिसतं.

मग बोटाच्या पेरांनी ठोकणं. बॉनेट, पुढचं दार, छत. पत्रा टणक बोलतो. मागच्या उजव्या दारावर आवाज बदलतो. चाकाच्या वरच्या भागावर तर बद्द येतो. हाताखालचं पोरगं खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढतं आणि एकेका ठिकाणी टेकवत आकडे मोठ्यानं सांगतं. “एकशे दहा. एकशे पाच. एकशे वीस.” हे मायक्रॉन. कंपनीतून आलेला रंग साधारण शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. “तीनशे चाळीस,” मागच्या दारावर पोरगं म्हणतं. चाकाच्या वर, “सातशे.” तिथं रंगाखाली लांबी भरली आहे. पत्रा ठोकून सरळ करायचा, खड्डा राहील तिथं लांबी भरायची, घासायची आणि वर रंग मारायचा.

“जरा घासलं असंल वो पार्किंगला,” एजंट म्हणतो. “मालक एकच हाय. एकदाबी क्लेम न्हाई.”

मामा काही बोलत नाहीत. दाराच्या चौकटीचं रबर हातानं ओढून काढतात. आत चौकटीला कारखान्यात मारलेले स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे दिसतात. सगळे सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे. मधल्या पिलरवर तसेच, खालच्या उंबऱ्यावर तसेच. मामा ठशांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत जातात आणि रबर परत दाबून बसवतात.

“पत्र्याला लागलंय. हाडाला न्हाई.”

यातून काय समजायचं ते मास्तरांना कळत नाही. मामा त्यांना काच दाखवतात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक छाप असतो, त्यात वर्षाची खूण. पुढच्या काचेवर १७. डाव्या दोन्ही काचांवर १७. उजव्या मागच्या काचेवर २४. दाराच्या बिजागरीचे बोल्टही मामा नखानं दाखवतात. पुढच्या दाराच्या बोल्टांवरचा रंग अखंड आहे. मागच्या दाराच्या बोल्टांचे कोपरे पान्यानं खरवडलेले. म्हणजे हे दार एकदा उतरवलं होतं.

ऊन चढतं. शेडचा पत्रा तडतड वाजायला लागतो. पोरगं चहा घेऊन येतं, काचेचे ग्लास तारेच्या जाळीत. एजंट एक फोन घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो.

मी रांगेतल्या दुसऱ्या गाडीकडं सरकतो. चंदेरी सेडान, एमएच ०८, रत्नागिरीकडची. पंचविशीतला एक तरुण ती घ्यायला निघाला आहे, बरोबर त्याचा मित्र. किंमत बाजारभावापेक्षा पाऊण लाखानं कमी सांगितली आहे. त्याचा त्याला आनंद आहे. पहिली गाडी गार होते आहे तोवर मामा हिच्याकडं वळतात.

इथं ते बाहेरून काही बघतच नाहीत. दार उघडतात आणि ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट ओढतात. ओढतच राहतात, रिळात उरलेला शेवटचा हातभर येईपर्यंत. त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर एक मातकट रेघ आहे. वर काळा, खाली करडा. सीट कव्हर नवीन असतं, मॅट नवीन असते, पण बेल्टचा हा रिळातला भाग कुणी धूत नाही. मग मामा सीट मागं सरकवतात आणि खालच्या पट्टीवर टॉर्च मारतात. बोल्टांवर तांबूस गंज. मॅट उचलतात, तिच्याखालचा गालिचा कोपऱ्यातून उचकटतात. बोट फिरवून वर काढतात. बोटाला बारीक, मऊ गाळ. डिकीत स्टेपनीच्या खालच्या खड्ड्यातही तोच. डॅशबोर्डखाली वायरींच्या जोडावर हिरवट बुरशीसारखं काही जमलंय. तांबं गंजलं की असं होतं.

“हिनं पाणी बघितलंय,” मामा म्हणतात.

कुठल्या नदीचं, ते विचारायची इथं कुणाला गरज वाटत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा शहरात शिरली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळा पाणी तिच्याही वर दहा फुटांपेक्षा जास्त चढलं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीनं बाजारपेठ बुडवली. त्या दिवसांत बुडालेल्या गाड्यांचा विमा मिळाला, मालकांनी नव्या घेतल्या. बुडालेल्या गाड्या लिलावात गेल्या. त्यातल्या काही सुट्या भागांसाठी फुटल्या, तर काही वाळवून, पुसून, नवी सीट कव्हरं चढवून पुन्हा रस्त्यावर आल्या. गाडी चालते. दोन वर्षं, तीन वर्षंही चालते. मग एका रात्री भर घाटात दिवे जातात, कधी कॉम्प्युटरच बंद पडतो. अपघातात एअरबॅग उघडेल की नाही, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. मला राग येतो तो याचा. पत्रा ठोकलेला लपवला तर माणसाचे पैसे जातात. पाणी लपवलं तर जीवही जाऊ शकतो.

तरुण मान खाली घालून त्या मातकट रेघेकडं बघत राहतो. मित्र विचारतो, “वायरिंग बदलून घेतलं तर?” मामा नुसतीच मान हलवतात. दोघं गाडीचं दार लावतात. विकणारा माणूस कोपऱ्यावर पान खात उभा आहे, त्याच्याकडं जातात. काय बोलणं होतं ते ऐकू येत नाही.

पावणेअकरा. मामा पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर पुन्हा तळहात ठेवतात. आता चालेल.

“सायलेन्सरकडं उभं ऱ्हा,” ते पोराला सांगतात. मास्तरांनाही तिकडंच पाठवतात. किल्ली फिरते. एक सेल्फ, दीड सेल्फ, इंजिन लागतं. सगळे सायलेन्सरकडं बघताहेत. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा आला तर पेट्रोल जास्त. दाट पांढरा येतच राहिला तर कूलंट आत शिरतंय. इथं काहीच दिसत नाही. मामा बॉनेट उघडून कान देतात. सुरुवातीला बारीक टकटक येते, अर्ध्या मिनिटात विरते. चालू इंजिनावरच ते ऑइलचं झाकण काढतात. तोंडातून धुराचा झोत आला असता तर ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणाले असते, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. झोत नाही. झाकणाच्या आत सायीसारखा पांढरा थर असता तर ऑइलात पाणी मिसळतंय असं समजायचं. तोही नाही. सायलेन्सरच्या नळीत बोट घालून मामा बाहेर काढतात. बोटाला कोरडी काजळी. ते बोट ते वडिलांना दाखवतात. वडील चष्मा सावरून नीट बघतात.

पोरगं स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावतं. मोबाइलवर एकेक ओळ उमटते. बिघाडाचा कोड एकही नाही. मामा तेवढ्यावर समाधान मानत नाहीत. कोड पुसता येतात. पण पुसले की गाडी आपल्या अंतर्गत चाचण्या पहिल्यापासून सुरू करते, आणि त्या पुऱ्या व्हायला ती बरीच चालवावी लागते. काल पुसलेल्या गाडीत त्या ‘अपूर्ण’ दिसतात. इथं सगळ्या पूर्ण आहेत.

मीटर ६१,४०० दाखवतो. मीटरवर कुणी विश्वास ठेवत नाही, त्याची साक्ष दुसरीकडं घेतात. ब्रेकच्या पेडलचं रबर एका कडेला झिजलंय, पण रेघा शाबूत आहेत. गिअरच्या मुठीवरचे आकडे वाचता येतात. टायरवर चार आकडे कोरलेले, ३५२२, म्हणजे २०२२ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. चारही तसेच. स्टेपनीवर १४१७, गाडीबरोबर आलेली. पहिला संच पाच वर्षं चालला, दुसऱ्याची नक्षी अजून चांगली खोल आहे. १.६ मिलिमीटरपर्यंत झिजला की टायर बदलायचा असतो, इथं ते दूर आहे. हिशेब मीटरशी जुळतो.

रॅम्प वर जातो. आम्ही सगळे गाडीखाली. वरून माती आणि थेंबभर पाणी गळतं. खालून गाडी कुणीही पॉलिश करून आणत नाही, म्हणून मामांचा सगळा भरवसा या बाजूवर आहे. टॉर्चचा उजेड लांबवर फिरतो. गंज वरवरचा. कोकणात खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या गाड्या इथं चाळण होऊन येतात, ही देशावरचीच दिसते. चासीच्या सरळ जाणाऱ्या दोन्ही मेंबरांना कुठं वळी नाही. उजव्या अ‍ॅक्सलच्या रबरी बूटला चीर आहे, ग्रीस बाहेर उडालंय. मामा पुढचं चाक दोन्ही हातांनी वर-खाली, मग डावी-उजवीकडं हलवतात. टक् असा आवाज येतो. “लिंक रॉड.” पोरगं जुन्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून घेतं. ब्रेक पॅड संपत आलेत. तेही लिहितं.

मग चक्कर. मामा स्वतः चालवायला बसतात. शेजारी मास्तर, मागं मी आणि एजंट. काचा वर, एसी बंद, गाणी बंद. एजंट काहीतरी सांगायला लागतो. “बोलू नका,” मामा म्हणतात. गाडी टेंबलाई टेकडीच्या चढाला लागते. आत भट्टी झाली आहे, घाम मानेवरून ओघळतो. दुसऱ्या गिअरवर चढ चढताना इंजिन कुरकुरत नाही. खड्ड्यातून जाताना खालून टकटक, तोच लिंक रॉड. सरळ रस्त्यावर मामा स्टेअरिंगवरचे हात क्षणभर सैल सोडतात. गाडी किंचित डावीकडं ओढते. मोकळ्या मैदानात पूर्ण स्टेअरिंग वळवून गोल फिरवतात. कटकट आवाज आला असता तर अ‍ॅक्सलचा जॉइंट गेला. नाही आला, बूट फाटूनही जॉइंट अजून वाचलाय. शेवटी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकतात आणि क्लच हळूहळू सोडतात. इंजिन धडधडून बंद पडतं. मास्तर दचकतात. “बंद पडाय पायजे,” मामा म्हणतात. “न्हाई पडलं तर क्लच घसरतोय म्हणायचं.”

परत येतो तेव्हा बाई शेडच्या पायरीवर कागद पसरून बसल्या आहेत. आरसी त्यांनी नीट लावून ठेवली आहे. चासी नंबर वाचून दाखवायचं काम त्यांचं. मामा पत्र्यावर कोरलेला नंबर फडक्यानं पुसतात आणि बाई एकेक अक्षर म्हणतात. सतरा अक्षरं-आकडे. सतराही जुळतात. नोंदणीची मुदत २०३२ पर्यंत, खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग त्या विम्याचा कागद उचलतात.

“मामा, यात नो क्लेम बोनस २० टक्के लिहिलाय. ते काय?”

मामा चष्मा लावतात. एक वर्ष क्लेम नसेल तर पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट. मग २५, ३५, ४५. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५०, आणि पुढं तीच राहते. नऊ वर्षांच्या, एका मालकाच्या, कधीही क्लेम न केलेल्या गाडीवर ५० असायला हवी होती.

“मधे पॉलिसी बंद पडली असंल,” एजंट म्हणतो. ते खरंही असू शकलं असतं. विमा संपून नव्वद दिवसांहून जास्त गेले तर बोनस जातो. बाई फाइलमधून आधीच्या वर्षाची पॉलिसी काढतात. तारखा एकाला एक लागून आहेत. त्या पॉलिसीवर बोनस शून्य.

काचेवरचे २४, दारावरचे ३४० मायक्रॉन आणि हा शून्य. तिन्ही एकाच गोष्टीकडं बोट दाखवतात. कुणी आवाज चढवत नाही. एजंट रुमालानं मान पुसतो. “मालक म्हनला तसं मी सांगितलं,” तो म्हणतो, आणि दुसरा फोन काढून मालकाला लावतो.

पोरगं बिलाच्या पाठीवर बेरीज करतं. लिंक रॉड, ब्रेक पॅड, अ‍ॅक्सलचा बूट, व्हील अलाइनमेंट. मजुरीसह साडेआठ हजारांच्या घरात. मागणी तीन लाख पंच्याऐंशी हजारांची आहे.

वडील टायरवरून उठतात. सकाळपासून त्यांनी एकही प्रश्न विचारलेला नाही. “पावसाळ्यात दगा देईल काय?”

“इंजनाचं भ्या न्हाई,” मामा म्हणतात. “मागं लांबी भरलीय तिथं पत्रा फुगंल. आतनं अँटिरस्ट मारून घ्या, पाऊस लागायच्या आत.”

“मग घ्यायची?” मास्तर विचारतात.

“ते तुमी ठरवा, सर. काय हाय ते सांगितलं.”

एजंट पाकिटातून पाचशेची नोट काढतो. तपासणीचा तेवढाच दर आहे. मामा हात मागं घेतात. “पैसं घेणाऱ्याकडनं घेतो.” बाई फाइलच्या खणातून पाचशे काढून देतात. मामा नोट शर्टाच्या खिशात ठेवतात आणि रांगेतल्या तिसऱ्या गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकवतात.

चंदेरी सेडानची जागा रिकामी आहे. तिचा मालक ती घेऊन गेला. तरुण आणि त्याचा मित्र रिक्षा शोधताहेत. पांढऱ्या गाडीपाशी एजंट मालकाशी फोनवर बोलतो आहे, “साडेतीनच्या वर न्हाईत म्हंत्यात.” मास्तरांनी अजून इसार दिलेला नाही. पैसे बाईंच्या फाइलमध्येच आहेत, आणि म्हणून बोलण्यात त्यांचं पारडं जड आहे.

जुनी गाडी घेणार असाल तर हे एवढं करा. इसार देण्याआधी गाडी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडं न्या, विकणाऱ्यानं सुचवलेल्या नको. ती गार असताना चालू करायला लावा. तपासणीचे पैसे स्वतः द्या. कर्जाची नोंद असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात घ्या, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होईपर्यंत शेवटचा हप्ता अडवून ठेवा, विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आणि विकणारा जर म्हणाला की गाडी दाखवायला नेता येणार नाही, तर चहा पिऊन उठा आणि दुसरी गाडी बघा.